ठेक्यावर लिहिलेलं पत्र

सुई कशी धरायची ते मला सुभद्रा घाडीगावकर यांनी शिकवलं. परळच्या एका रुग्णालयात, नवजात बाळांच्या विभागात मी नवीन लागले, तेव्हा त्या तिथे एकवीस वर्षं काढून बसल्या होत्या. दीड किलोच्या बाळाच्या हातावरची शीर शिवणाच्या दोऱ्याएवढी असते. डोळ्यांना दिसते कमी, बोटाला जाणवते जास्त. निवासी डॉक्टर दोन-तीनदा टोचून थकले की हाक यायची, "सुभद्रा सिस्टरना बोलवा." त्या यायच्या, हात धुवायच्या, बाळाची मूठ दोन बोटांत घ्यायच्या आणि तोंड मिटून काहीतरी गुणगुणायच्या. गाणं नव्हे ते. दोनच सूर, खाली आणि वर, खाली आणि वर. वरच्या सुराला सुई आत गेलेली असायची.

त्यांनी लग्न केलं नाही. वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, ते गावी कणकवलीकडे गेले आणि तिकडेच वारले. सिस्टर आणि त्यांची आई आनंदीबाई डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत राहायच्या. आईचं आणि वॉर्डातल्या बाळांचं करायचं, एवढंच त्यांचं आयुष्य होतं, आणि त्यांना ते कमी वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवण उभ्यानेच उरकायच्या. आम्हा नव्या मुलींवर ओरडायच्या, पण आमची चूक मेट्रनच्या कानावर कधी घालायच्या नाहीत.

दोन हजार एकवीसच्या सुरुवातीला त्यांचं अक्षर बदललं. रजिस्टरमध्ये त्यांचं अक्षर कायम मोठं, गोल, शाळेच्या फळ्यावर असावं तसं. आता ओळ सुरू व्हायची नेहमीसारखी, पण पुढे अक्षरं बारीक होत जायची आणि ओळीच्या टोकाला नुसत्या मुंग्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पेन धड नाही." मग उजवा अंगठा दिसला. खुर्चीत बसलेल्या असल्या की अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत राहायचं, जणू काही मधे साबुदाण्याचा दाणा आहे आणि तो त्या वळताहेत. मी बघते आहे हे लक्षात आलं की तो हात खिशात जायचा.

एकदा त्या आपण होऊन म्हणाल्या, "काम करताना नाही ना थरथरत? मग झालं तर."

खरंच थरथरत नव्हता. पण मंदावला होता. चिकटपट्टीचं टोक सोडवायला वेळ लागायचा. सुईची टोपी काढताना बोटं एकमेकांत अडकल्यासारखी व्हायची. मी पाहत होते आणि गप्प होते. चार वर्षांची नोकरी माझी, त्यांना सांगणारी मी कोण, असं मी स्वतःला समजावत होते. आज म्हणते, तो आदर नव्हता, भीती होती.

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी ते झालं. वॉर्डात एक मुलगी होती, सातव्या महिन्यातच जन्मलेली, अकरा दिवसांची. अजून बारसं झालं नव्हतं, म्हणून कागदोपत्री आईच्या नावाने ओळखली जायची, 'बेबी ऑफ स्पृहा'. तिला जंतुसंसर्ग झाला होता, शिरेतून औषध चालू होतं. तीनच्या सुमाराला तिची लाईन, म्हणजे शिरेतली नळी, निसटली. औषधाची वेळ झालेली. डॉक्टर प्रसूती विभागात अडकले होते. सिस्टर म्हणाल्या, "टॉर्च धर."

पहिली सुई शिरेच्या बाजूने गेली. दुसरीला रक्त आलं, पण नळी पुढे सरकवताना त्यांची बोटं थांबली. थांबली म्हणजे खरोखरच थांबली, बंद पडलेल्या पंख्यासारखी. शीर फुटली. त्यांनी दुसरा हात घेतला, मग पाय. गुणगुणणं चालू होतं, पण सूर लांबत लांबत चालला होता. मी म्हटलं, "सिस्टर, मी बघू का?" त्या म्हणाल्या, "थांब." पाचव्यांदा टोचल्यावर त्या मागे सरकल्या. डॉक्टर आले, त्यांनी डोक्यावरच्या शिरेत एका झटक्यात लाईन लावली. तोवर पन्नास मिनिटं गेली होती.

रजिस्टरमध्ये सिस्टरनी लिहिलं, 'दोन प्रयत्न.' खाली मुंग्यांसारखी सही. साक्षीदार म्हणून मी सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गेली. संसर्ग आधीच रक्तात पसरला होता, औषध वेळेवर मिळालं असतं तरी कदाचित हेच झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी 'कदाचित' म्हटलं होतं. तो शब्द सिस्टरनी ऐकला आणि मीही.

त्याच दिवशी त्या मेट्रनकडे गेल्या. "माझा हात गेलाय. मला वॉर्डातून काढा." त्या दुपारबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांनी निदान केलं, पार्किन्सन्स. वय वर्षं बावन्न. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली.

मी महिन्यातून एकदा डिलाईल रोडला जायचे. खोलीत त्या ब्लाउजचे हूक लावत बसलेल्या असायच्या, एकेका हुकाला पाच-पाच मिनिटं. ऐंशी पार केलेल्या आनंदीबाई खाटेवरून बघत असायच्या. लेकीने मदत मागितली नाही तर पुढे व्हायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या फिजिओथेरपिस्टने मला दादरच्या एका वर्गाबद्दल सांगितलं. दर बुधवारी एका ट्रस्टच्या हॉलमध्ये नूपुर नावाची मुलगी पार्किन्सन्सच्या माणसांकडून संगीताच्या आधाराने हातांचा व्यायाम करून घ्यायची. मी सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी काय आता पेटी शिकू?" पण आल्या.

हॉलमध्ये आठ माणसं होती. गिरगावचे एक अण्णा होते, आयुष्यभर कारकुनी केलेले. त्यांना एवढंच हवं होतं, की चारचौघांत आमटी सदऱ्यावर सांडू नये. प्रत्येकापुढे लहान कीबोर्ड, पट्ट्यांवर एक ते पाच आकड्यांचे कागद चिकटवलेले, प्रत्येक बोटाचा एक आकडा. नूपुरच्या मोबाईलवर टिकटिक चालायची आणि त्या ठेक्यावर एकेक बोट उचलून पट्टी दाबायची. वेळेवर दाबलं की सूर वाजतो, उशीर झाला की तुमचा तुम्हालाच ऐकू येतो. मग पट्ट्या सोडून तोच ठेका बटणांवर, चमच्यावर, कुलूप-किल्लीवर.

नूपुर पहिल्या दिवशीच म्हणाली, "सिस्टर, तुमचा हात बिघडलेला नाही. 'आता उचल, आता सोड' असं हाताला सांगणारा मेंदूतला भाग थकलाय. कानातून ठेका गेला की निरोप दुसऱ्या वाटेने हातापर्यंत पोचतो. आजार यानं थांबत नाही, हेही आत्ताच सांगते."

"बरं झालं सांगितलंस," सिस्टर म्हणाल्या. आयुष्यभर नातेवाइकांना खोटी आशा न देणारी बाई ती. तिला हे बोलणं आवडलं.

नऊ भोकांच्या एका पाटीत नऊ खुंट्या बसवायच्या आणि काढायच्या, अशी परीक्षा असायची. पहिल्या बुधवारी सिस्टरना अठ्ठावन्न सेकंद लागले. तीन महिन्यांनी एक्केचाळीस. पण टिकटिक बंद केली की पुन्हा पन्नास. ठेका कानातून मनात उतरत नव्हता. नूपुरने विचारलं, "काम करताना तुम्ही काही गुणगुणायचात का? अंगात मुरलेलं काही असलं तर जास्त उपयोगी पडतं."

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

मी शेजारी होते. न राहवून म्हणाले, "गुणगुणायच्या की! दोन सूर." आणि मी ते म्हणून दाखवले.

सिस्टरनी कीबोर्ड दूर सारला. "तो सूर नको," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीही दे. तो नको." नूपुरने कारण विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

काही दिवसांनी त्यांनी नूपुरला सांगितलं, "मला लिहायला शिकव. हुकांचं राहू दे." नूपुरने दुरेघी वही आणायला सांगितली, पहिलीतली मुलं वापरतात तसली. पहिल्या ठोक्याला उभी रेघ, दुसऱ्याला गोलाई, तिसऱ्याला काना-मात्रा, चौथ्याला वरून शिरोरेघ. एका अक्षराला चार ठोके. दोन रेघांच्या मधली जागा पूर्ण भरायची, अक्षर आकसू द्यायचं नाही. घरी सराव करताना मोबाईलची टिकटिक सुरू झाली की आनंदीबाई वैतागायच्या.

"ह्या काय टिकटिक लावलंस गो? बंद कर ता. मी वाजयतंय, तू लिव."

त्यांनी स्टीलचं झाकण मांडीवर घेतलं आणि चमच्याने ठोका धरला. मी तिथेच होते. मला वाटलं, म्हातारीचा खेळ आहे, दोन मिनिटांत ढेपाळेल. पण ठोका कणभर हलला नाही. गावात दोघी-तिघी एकाच उखळीत भात कांडायच्या, तेव्हा मुसळं एकमेकींवर आपटू नयेत म्हणून असा ठेका धरावा लागायचा, म्हणाल्या. सिस्टरचं पेन चालू लागलं. 'अ' उमटला, मोठा, गोल, पूर्वीसारखा. सिस्टर त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यानंतर रोज दुपारी मायलेकींचं ते सुरू झालं. काय लिहिताय, असं मी विचारलं की वही मिटायच्या. "सराव."

दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "आकांक्षा, मला जरा माझगावला नेशील? जिने आहेत, एकटीला जमणार नाही."

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी पर्समधून जाड पाकीट काढलं. वर नाव होतं, 'सौ. स्पृहा यांस'. पत्ता त्यांना दाखल करतानाच्या कागदावरून पाठ होता, जवळजवळ अडीच वर्षं.

"सिस्टर, परत फिरूया. त्यांचं आता कुठे मार्गी लागलं असेल."

"दोन नव्हते, पाच होते. हे त्यांना माहीत असायला हवं."

"आणि मी?"

"तुझं नाव नाही लिहिलं मी. तू खालीच थांब."

पण त्यांना जिना चढता येत नव्हता. मी हात धरून वर नेलं. डॉकयार्डजवळची जुनी इमारत, तिसरा मजला. दार सुशांतने उघडलं, स्पृहाच्या नवऱ्याने. गोदीत क्रेन चालवायचा तो. त्याने आम्हाला ओळखलं नाही. मास्कच्या आड आमचे चेहरे त्याने कधी पाहिलेच नव्हते. सिस्टर दारातच म्हणाल्या, "तुमच्या मुलीची नर्स होते मी. हे वाचा." आतून स्पृहा आली. तिने पाकीट घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. पाच पानं होती, एका पानावर जेमतेम सात-आठ ओळी, लहान मुलाच्या अक्षरात. वाचून झाल्यावर तिने पानं नवऱ्याच्या हातात दिली आणि आत गेली. आतलं दार लावल्याचा आवाज आला. सुशांतने शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "आता का?"

सिस्टर म्हणाल्या, "आधी लिहिता येत नव्हतं."

खरं तेवढंच होतं, पण ते किती विचित्र वाटलं त्या दारात. त्याने आमच्या तोंडावर दार आपटलं नाही. हळूच लोटलं.

महिन्याभरात त्याने तक्रार केली. चौकशी समिती बसली. पत्रात सिस्टरनी लिहिलं होतं, 'टॉर्च धरून एक तरुण नर्स उभी होती. तिने मला थांबवायचा प्रयत्न केला. तिचा काही दोष नाही.' मला वाचवायला लिहिलेल्या त्या ओळीमुळेच समितीने त्या दिवसाचा ड्युटी चार्ट काढला. मला विचारलं, "पाच वेळा टोचलं, हे तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "मग 'दोन' खाली सही का केलीत?" मी सहा आठवडे निलंबित होते. नंतर बदली झाली, मोठ्या माणसांच्या अपघात विभागात. बाळांच्या वॉर्डात मला पुन्हा घेतलं नाही. मृत्यूचं कारण संसर्गच, विलंबाचा परिणाम निश्चित सांगता येत नाही, असा अहवाल आला. सुशांतने वरच्या कार्यालयात पुन्हा अर्ज केला.

आठ महिने मी डिलाईल रोडला पाऊल टाकलं नाही. रागाने गेले नाही. तुम्हाला तुमचं ओझं उतरवायचं होतं, ते तुम्ही माझ्या आणि त्या दोघांच्या डोक्यावर ठेवलंत, असं मनातल्या मनात मी त्यांना शंभरदा म्हटलं. शेवटी आनंदीबाईंनी शेजारणीकडून निरोप धाडला, "एकदा येवन जा."

सिस्टर खाटेवर होत्या. गोळीचा परिणाम आता दोन तासही टिकत नव्हता. तो ओसरला की अंग लाकडासारखं, आणि असला की मान आणि खांदे आपोआप वळवळत राहायचे. आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागे. बुधवारचा वर्ग सुटला होता. नूपुर महिन्यातून एकदा घरी येऊन जायची, हातात चमचा धरायचा एवढंच काम उरलं होतं. मी नेमका काय राग आणला होता, ते मला तिथे आठवेना. मी त्यांची नखं कापली.

मग मी दर रविवारी जाऊ लागले. गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी दारात स्पृहा उभी होती, एकटीच. पाकिटावर मागे पाठवणाराचा पत्ता होता, त्यावरून आली. मी खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. सिस्टरकडे बघत राहिली. कदाचित वेगळीच कुणी बाई मनात धरून आली असेल.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "ती रडली का?"

सिस्टरनी ओठ हलवले. स्पृहाला ऐकू आलं नाही. ती वाकली, कान जवळ नेला. मी दोन हातांवर होते, मला ऐकू आलं.

"पहिल्या तीन वेळा रडली. मग नाही."

स्पृहा तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली. "हे पत्रात का नाही लिहिलंत?"

"हिंमत झाली नाही."

स्पृहाने मान हलवली, जणू एवढं एक तिला पटलं. मग माझ्याकडे वळली. मी कोण, ते तिला कळलं असावं. पदराने डोळे पुसलेही नाहीत, तशीच जिना उतरून गेली. त्यानंतर ती आली नाही, आणि अर्जही मागे घेतला गेला नाही.

आनंदीबाईंना आता नीट ऐकू येत नाही. त्या इतका वेळ भिंतीला टेकून बघत होत्या. "कोण इल्ली ती?"

सिस्टरचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी मोठ्याने सांगितलं, "एका बाळाची आई. सिस्टरच्या वॉर्डातलं बाळ होतं."

"पोर बरा आसा मां आता?"

मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी उशीवरून मान किंचित हलवली, नाही म्हणून.

"नाही, आजी. गेलं ते."

आनंदीबाईंनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मगे तिका चाय तरी देवक होयी होती."

मी उठून गॅसवर आधण ठेवलं. सिस्टरच्या गोळीची वेळ झाली होती.